प्रति: बायपास ऑइल फिल्टर घरच्या गाडीला?

रत्नागिरी-चिपळूण रोज करणाऱ्या डिझेल गाडीला बायपास (मूळ फिल्टरच्या जोडीला थोडं-थोडं ऑइल बारीक गाळणारा जादा फिल्टर) लावला की इंजिन ऑइल दुप्पट चालेल, हे वरच्या पोस्टमधलं गणित पटत नाही. मूळ फिल्टर साधारण २०-४० मायक्रॉनचे कण धरतो, बायपास २-५ पर्यंतचे. मान्य. पण ऑइलमध्ये उतरलेलं डिझेल तो काढत नाही, संपलेले अ‍ॅडिटिव्ह (ऑइलमध्ये मिसळलेली संरक्षक रसायनं) परत आणत नाही. ४-५ लिटरच्या संपला (इंजिनच्या तळाची ऑइलची टाकी) वेळेवर ऑइल बदलणंच स्वस्त.

लावायचाच तर ऑइल प्रेशर स्विचपाशी टी (तीन तोंडांचा जोड), फिल्टरकडे जाणाऱ्या फीडमध्ये १-१.५ मिमीचा रिस्ट्रिक्टर (प्रवाह कमी करणारं बारीक छिद्र), रिटर्न संपमध्ये. रिस्ट्रिक्टर विसरलात की आयडलिंगला प्रेशर पडलंच. होज कुठे घासत नाही ना बघा. फुटला तर संप रिकामा. आणि आपल्या खाऱ्या हवेत क्लॅम्प स्टेनलेसचेच.

मिरकरवाडा बंदरातल्या मासेमारी ट्रॉलरला मात्र जरूर लावा: संप मोठा, इंजिन तासन् तास चालू.