‘एंटिटी’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : माहितीशास्त्रावरील लेखाचे भाषांतर करताना ‘एंटिटी’पाशी अडलो आहे. जिच्याभोवती सगळी माहिती गुंफली जाते अशी व्यक्ती, स्थळ वा वस्तू, असा अर्थ अभिप्रेत आहे. ‘घटक’ चालेल काय?

उत्तर : ‘घटक’ दिशाभूल करील. घटक म्हटले की तो कशाचा तरी भाग, हे ओघानेच आले. येथे तर ज्याला गुण चिकटतात, तोच हवा आहे. ‘वस्तू’मध्ये माणसे बसत नाहीत आणि ‘अस्तित्व’ म्हणजे असणे, असणारा नव्हे. न्यायदर्शनात, म्हणजे प्राचीन भारतीय तर्कशास्त्रात, यासाठी नेमका शब्द आहे : धर्मी, म्हणजे ज्याला धर्म (गुण) असतात तो. धुरावरून डोंगरावरील अग्नीचे अनुमान करताना डोंगर हा धर्मी, धूर आणि अग्नी हे त्याचे धर्म. पण आज ‘धर्मी’ म्हणताच ‘विधर्मी’ आठवतो, त्यामुळे संगणकावरील लेखात तो वापरण्याचे धाडस मी करणार नाही.

कल्पना मात्र आपल्या तलाठी दप्तरात रोजची आहे. सातबारा जमिनीच्या गटाभोवती रचलेला असतो : क्षेत्र, आकार (शेतसारा), खातेदारांची नावे, इतर हक्क, पिके, सारे त्या गटाखाली. आठ-अ हा उतारा खात्याभोवती रचलेला असतो. एकाच खात्यावर गावात तीन गट असतील तर सातबारे तीन निघतात, आठ-अ मात्र एकच, आणि त्यात ते तिन्ही गट ओळीने येतात. म्हणजे सातबाऱ्यात जो खातेदार गटाचा एक तपशील होता, तोच येथे मुख्य होतो. म्हणून मी ‘नोंदविषय’ सुचवीन : ज्याच्याविषयी नोंद आहे तो.

आणखी एक मत : ‘नोंदविषय’ एकट्या उताऱ्यापुरता उत्तम आहे, कारण तेथे मधोमध एकच कोणीतरी असतो. विकिडेटासारख्या संग्रहात (विकिपीडियाच्या जोडीचा माहितीचा मुक्त साठा, जेथे प्रत्येक विषयाला स्वतःचे पान आणि क्रमांक असतो) तसे नसते. तेथे मुंबईचा क्रमांक क्यू ११५६ आणि महाराष्ट्राचा क्यू ११९१; मुंबईच्या पानावर महाराष्ट्र हे एका गुणधर्माचे मूल्य असते, तर महाराष्ट्राच्या पानावर मुंबई राजधानी म्हणून येते. कोणतेही पान उघडले तरी दोन्ही क्रमांक तेच राहतात. ‘बॉम्बे’ हे निराळे नाव असले तरी त्याला निराळा क्रमांक मिळत नाही, कारण क्रमांक नावाला नसून शहराला आहे. अशा ठिकाणी कोण कोणाच्या नोंदीत आहे यावर न अवलंबणारा शब्द लागतो, आणि ‘धर्मी’ला हात लावायचा नसेल, तर तेथे मी सरळ ‘एंटिटी’च लिहितो.