कथेतला रॉकेटगाडा मंगळवेढ्याच्या रानात चालेल का?

होटगीकर: विज्ञानकथा लिहितोय. त्यात 'वज्रमुख' हा काल्पनिक रॉकेटगाडा आहे. 8 चाकं, 400 मिमीच्या 6 नळ्या, पल्ला 150 किमी, वजन 60 टन. ऐन पावसाळ्यात तो मंगळवेढ्याच्या ज्वारीतून मारा करतो. पटतं का?

माळरान: पल्ला पटतो, रान नाही. ती काळी माती भिजली की ट्रॅक्टरसुद्धा रुततो ओ. इथं तर एकेका चाकावर साडेसात टन! शिवाय इथली मालदांडी ज्वारी रब्बीची, पावसाळ्यात ती रानात कुठली?

जुना तोफची: खरा 'पिनाका' बघा. पुण्याच्या एआरडीई या सरकारी शस्त्रसंशोधन संस्थेनं घडवलेला, 214 मिमीच्या 12 नळ्या, सगळी रॉकेटं 44 सेकंदांत. 1999 ला कारगिलमध्ये वापरला. मारा झाला की लगेच जागा सोडायची, कारण शत्रूचं रडार रॉकेटच्या मार्गावरून गाडीचा ठिकाणा काढतं. तुमचा गाडा चिखलात अडकला तर आतली माणसं गेलीच. कथा तिथंच आहे, ती सोडू नका.

होटगीकर: मनापासून आभार, काका. चिखल ठेवतो, ज्वारी काढतो. 6 रॉकेटं संपल्यावर पुन्हा भरायची कशी?

जुना तोफची: क्रेनवाली वेगळी गाडी असते. तिचा ड्रायव्हरही लिहा.