लिऊ शिया यांचा गुन्हा काय होता?

सांजवात

परवा घरी पाहुणे होते आणि बोलता बोलता चीनचा विषय निघाला. बुलेट ट्रेन झाली, शांघायचे रस्ते झाले. मग एक काका म्हणाले, "सरकारच्या विरोधात लिहून कायदा मोडला तर शिक्षा होणारच. आपण त्यात एवढं हळवं का व्हायचं?" मी तेव्हा गप्प बसले, पण ते वाक्य डोक्यातून जात नाहीये, म्हणून हा धागा.

लिऊ शिआओबो हे नाव बऱ्याच जणांनी ऐकलं असेल. साहित्याचे अभ्यासक आणि प्राध्यापक. १९८९ साली तिआनमेन चौकात सैन्य शिरलं, त्या पहाटे त्यांनी आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी उरलेल्या विद्यार्थ्यांना समजावून चौकातून जिवंत बाहेर काढलं. २००८ मध्ये 'सनद ०८' हे राजकीय सुधारणा मागणारं निवेदन निघालं, लिऊ ते लिहिणाऱ्यांपैकी एक. सनदेवर सुरुवातीला ३०३ जणांच्या सह्या होत्या. स्वतंत्र न्यायालयं, खऱ्या निवडणुका, खेड्यातल्या माणसाला शहरात दुय्यम ठरवणारी नोंदणीपद्धत रद्द करणं, अशा तिच्यातल्या मागण्या. ती प्रसिद्ध व्हायच्या दोन दिवस आधीच पोलीस लिऊंच्या दारात उभे राहिले. २५ डिसेंबर २००९ ला ११ वर्षांची शिक्षा झाली. २०१० चं शांततेचं नोबेल त्यांना मिळालं आणि ओस्लोच्या समारंभात ते पदक रिकाम्या खुर्चीवर ठेवावं लागलं. १३ जुलै २०१७ ला शेनयांगच्या रुग्णालयात यकृताच्या कर्करोगाने ते गेले, कैदी म्हणूनच. दोन दिवसांत रक्षा समुद्रात सोडली गेली. कुणी फूल वाहायला जाईल अशी जागाच उरली नाही.

पण काकांच्या वाक्यातली "कायदा मोडला तर" ही अट त्यांच्या बायकोला कशी लावायची, हे मला कळत नाही. लिऊ शिया कवयित्री आहेत, फोटो काढतात. त्यांच्यावर आरोपपत्र नव्हतं, खटला नव्हता. नोबेल जाहीर झालं तेव्हापासून, म्हणजे ऑक्टोबर २०१० पासून, त्यांना बीजिंगच्या त्यांच्याच फ्लॅटमध्ये कोंडून ठेवलं. फोन बंद, इंटरनेट बंद, दाराशी पहारा. आठवड्यातून एकदा भाजी-किराणा आणायला आणि आईवडिलांना भेटायला सोडायचे, महिन्यातून एकदा तुरुंगात नवऱ्याला भेटायला. डिसेंबर २०१२ मध्ये पहारेकरी दुपारी जेवायला गेले ती वेळ साधून दोन-तीन पत्रकार जिना चढून वर गेले. दार उघडणारी बाई थरथरत होती, रडत होती. माणसं आपल्या घरी येऊ शकतात हेच त्यांना खरं वाटत नव्हतं.

हे जवळजवळ आठ वर्षं चाललं. कुठल्या कलमाखाली?

हिशेबी

लिऊ शिया यांचं जे झालं ते वाईटच, त्यावर वाद नाही. पण एका घरावरून एका देशाचं माप काढू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

चीनने चाळीस वर्षांत जवळपास ८० कोटी लोक दारिद्र्यातून वर काढले. हा आकडा तिथल्या कम्युनिस्ट पक्षाचा नाही, जागतिक बँकेचा आहे. ज्या घरात आजोबांनी दुष्काळात झाडाची साल उकळून खाल्ली, त्या घरातली नात आज इंजिनिअर आहे. तिला विचारा, तिला सनद हवी की स्थैर्य? सांस्कृतिक क्रांतीत दहा वर्षं कोण कुणाला मारतंय याचा पत्ता नव्हता. त्या लोकांना गोंधळाची भीती वाटते आणि ती भीती खरी आहे. सोव्हिएत संघाचं काय झालं हे त्यांनी पाहिलंय. १४० कोटींचा देश विस्कटला तर त्याची किंमत कोण मोजणार?

पिंपळपार

हिशेबींशी सहमत. शिवाय लिऊंना संत करू नका. १९८८ मध्ये हाँगकाँगमधल्या एका मुलाखतीत ते म्हणाले होते की चीन बदलायला तीनशे वर्षांची वसाहत लागेल. पारतंत्र्य भोगलेल्या देशातल्या माणसाने असल्या विचाराला टाळ्या वाजवाव्यात?

आणि आपल्याकडे सगळं आलबेल आहे का? फादर स्टॅन स्वामी ८४ वर्षांचे होते, जामीन न मिळताच जुलै २०२१ मध्ये मुंबईत कोठडीतले आजारी म्हणून वारले. आधी आपलं अंगण झाडू या.

सांजवात

@पिंपळपार, तीनशे वर्षांचं वाक्य मलाही पटत नाही, अजिबात नाही. पण त्यांना शिक्षा त्या वाक्याबद्दल झालेली नाही. निकालपत्रात सहा लेख आणि सनद ०८ यांचा आधार घेतला आहे. आणि समजा त्या वाक्याबद्दलच झाली असती, तरी चुकीच्या मताला ११ वर्षं हा हिशेब मला मान्य नाही.

स्टॅन स्वामींचा दाखला मात्र तुम्ही योग्य दिलात. ते या देशाला लागलेलं लांच्छन आहे आणि मी ते कुठेही म्हणेन. फरक इतकाच, की ते गेल्यावर अग्रलेख आले, न्यायालयात युक्तिवाद झाले, तुम्ही आज इथे त्यांचं नाव लिहिलंत. चीनमध्ये लिऊ गेले त्या आठवड्यात वेबो या तिथल्या समाजमाध्यमावर त्यांच्या नावाची अक्षरं तर अडवली गेलीच, मेणबत्तीचं चित्रसुद्धा चालेना. दोन्ही अंगणं झाडू या, पण झाडू कुठे हिसकावून घेतात हेही बघू या.

वकीलबाई

कायद्याचं बोलणं निघालंय म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

चीनच्या राज्यघटनेचं ३५वं कलम नागरिकांना भाषण, प्रकाशन, सभा, मोर्चा यांचं स्वातंत्र्य देतं. छापील आहे, आजही आहे. पण न्यायालयात ते उपयोगी पडत नाही. लिऊंना लागलं ते फौजदारी कायद्याचं १०५वं कलम, राज्यसत्ता उलथवण्याची चिथावणी. साध्या माणसाला बहुतेक वेळा लागतं २९३वं, म्हणजे 'भांडणं उकरणे आणि गोंधळ माजवणे'. रस्त्यावरच्या गुंडांसाठी केलेलं कलम, पण त्याची व्याख्या इतकी सैल की एखादी पोस्टही त्यात बसते. झांग झान या शांघायच्या माजी वकील फेब्रुवारी २०२० मध्ये वुहानला गेल्या, रुग्णालयांबाहेरचे व्हिडिओ टाकले. २९३ खाली चार वर्षं. मे २०२४ मध्ये सुटल्या, ऑगस्टमध्ये परत उचललं, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये पुन्हा चार वर्षांची शिक्षा झाल्याची बातमी आली.

याच्याही आधीची पायरी म्हणजे 'नेमलेल्या जागी निवासी देखरेख'. नावात निवास आहे, पण ते घर नसतं आणि नोंदीतला तुरुंगही नसतो. सहा महिन्यांपर्यंत तिथे ठेवता येतं. वकिलाला भेटू न देणं हे तर नेहमीचंच.

जुलै २०१५ मध्ये तीनशेवर वकील आणि त्यांच्या कचेऱ्यांतली माणसं चौकशीला नेली. वांग छुआनझांग त्यातलेच. तीन वर्षांहून जास्त काळ खटलाच उभा राहिला नाही. त्यांची बायको ली वेनझू अर्ज घेऊन न्यायालयाच्या फेऱ्या मारत राहिली. डिसेंबर २०१८ मध्ये तिने आणि अशाच आणखी तीन बायकांनी इमारतीच्या आवारात खुर्ची टाकून एकमेकींच्या साक्षीने डोकी भादरून घेतली. चिनीत 'केस' आणि 'कायदा' या दोन्ही शब्दांचा उच्चार 'फा'च्या जवळचा आहे. त्यांचं म्हणणं होतं, आम्ही केसांशिवाय राहू, तुम्हाला कायद्याशिवाय राहता येणार नाही. कापलेले केस डब्यांत भरून त्या निवेदन द्यायला निघाल्या.

मी पंधरा वर्षं कोर्टात उभी राहते आहे. पक्षकाराच्या बायकोवर ही वेळ आलेली वाचली तेव्हा फाईल मिटून ठेवावी लागली.

सुझौ ते चाकण

मी २०१६ ते २०१९ सुझौला होतो, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात. दोन्ही बाजूंना थोडं खटकेल असं लिहितो.

चिनी माणूस सरकारला घाबरून तोंड शिवून बसलेला असतो हे खरं नाही. आमची घरमालकीण रोज कुणावर तरी चिडायची. शाळेचा प्रवेश, खणून ठेवलेला रस्ता, औषधांच्या किमती. १२३४५ हा सरकारी तक्रारीचा नंबर आहे, त्याच्यावर ती इतकी भांडायची की खड्डा दोन दिवसांत बुजला. असं आपल्याकडे व्हायला हवं, हे मी आजही म्हणतो.

पण रेघ कुठे आहे हे प्रत्येकाला पाठ असतं. खड्ड्याबद्दल बोला, खड्ड्याविरुद्ध चार जणांना गोळा करू नका. महापौरावर चिडा, पक्षावर नाही. एकदा जेवताना मी एका सहकाऱ्याला सहज १९८९ बद्दल विचारलं. चांगला दोस्त होता, माझ्या मुलाच्या वाढदिवसाला आलेला. त्याने चॉपस्टिक खाली ठेवल्या, टेबलावरचा माझा फोन उचलून पालथा केला आणि म्हणाला, "माझी मुलगी यंदा परीक्षेला बसतेय." एवढंच. मग आम्ही माशाबद्दल बोललो.

तो स्वतःसाठी घाबरला नव्हता, मुलीसाठी घाबरला होता. सांजवात म्हणतात ते मला तिथे समजलं.

हिशेबी

सुझौ, तुमचा अनुभव मोलाचा आहे. पण तुम्हीच सांगताय की खड्डा बुजला. म्हणजे सरकार ऐकतं. मग मूठभर विचारवंतांची कुचंबणा ही मोठ्या कामाची किंमत आहे असं एखादा चिनी म्हणाला, तर आपण कोण नाही म्हणणारे?

जुनी वही

@हिशेबी, दुष्काळाचा उल्लेख तुम्हीच केलात, म्हणून लिहितो.

१९५९ च्या जुलैत लुशानच्या डोंगरावर पक्षाची बैठक होती. संरक्षणमंत्री पेंग देहुआई आपल्या गावाकडे जाऊन आले होते. पिकाचे फुगवलेले आकडे आणि उपाशी माणसं त्यांनी पाहिली होती. त्यांनी माओंना खासगी पत्र लिहिलं, सनद नाही की मोर्चा नाही. सुरुवात स्तुतीने, टीका अदबीने. माओंनी ते पत्र छापून सगळ्यांना वाटलं. पेंग यांचं पद गेलं, आणि त्यांच्यासारखं बोलणारे कोण कोण आहेत याची देशभर शोधाशोध सुरू झाली. त्यानंतर कुठला जिल्हाधिकारी 'माझ्याकडे धान्य नाही' असं वर कळवणार? पुढची दोन वर्षं सगळ्यात भीषण गेली. मेलेल्यांचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत आहेत.

तुम्ही ज्या आजोबांचं सांगितलंत, त्यांना साल उकळायला लागली ती खरं बोलणाऱ्याला गप्प केल्यामुळे. म्हणून 'मूठभरांची किंमत' हा शब्द मला सहन होत नाही. किंमत मूठभरांनी मोजलीच नाही.

मधला डबा

+१ जुनी वही. आणि हे फक्त १९५९ चं नाही. वुहानचे डोळ्यांचे डॉक्टर ली वेनलियांग यांनी ३० डिसेंबर २०१९ ला आपल्या डॉक्टर मित्रांच्या ग्रुपवर सावध राहा म्हणून लिहिलं. ३ जानेवारीला पोलिसांनी बोलावून समजपत्रावर सही घेतली. त्या कागदावर दोन प्रश्न होते, "हे थांबवणं जमेल का?" आणि "नीट समजलं का?" त्यांनी हाताने लिहिलं, "जमेल." "समजलं." त्यावर लाल शाईचा अंगठा. ७ फेब्रुवारीला ते कोविडने गेले. वय जेमतेम तिशीतलं. त्यानंतर कितीतरी जणांनी "जमणार नाही, समजलं नाही" असं लिहून आपले फोटो टाकले.

सुझौ ते चाकण

त्या रात्री मी पुण्यात होतो. माझ्या वीचॅटवर जुने सहकारी, घरमालकीण, अगदी कँटीनवालासुद्धा, सगळे डॉक्टरांबद्दलच लिहीत होते. 'आम्हाला बोलण्याचं स्वातंत्र्य हवं' असा हॅशटॅग वेबोवर चालला होता. सकाळी उठून पाहिलं तर बरंचसं पुसलेलं. माझ्या त्या दोस्ताने फक्त शिट्टीचं चित्र टाकलं होतं. तेही नव्हतं.

पिंपळपार

डॉक्टरांच्या प्रकरणात सरकारनेच नंतर समजपत्र मागे घेतलं, कुटुंबाची माफी मागितली. हेही लिहायला हवं. व्यवस्था चूक सुधारू शकते.

मधला डबा

मागे घेतलं, मार्च २०२० मध्ये, बरोबर. पण ते गेल्यावर, आणि संतापाची लाट पाहिल्यावर. झांग झान त्यानंतर दोन महिन्यांनी, त्याच शहरातल्या त्याच साथीबद्दल बोलल्या म्हणून पकडल्या गेल्या. सुधारलेली चूक ती हीच का, हे तुम्हीच सांगा.

हिशेबी

पेंग देहुआईंचं मला माहीत नव्हतं. वाचतो. 'मूठभर' हा शब्द मागे घेतो. पण स्थैर्याचा मुद्दा सोडत नाही. आणि एक विचारतो, खवचटपणे नाही. लिऊ शिया २०१८ मध्ये बर्लिनला गेल्या ना? सरकारने जाऊ दिलं. मग निदान त्यांच्यापुरता प्रश्न सुटला असं म्हणता येईल का?

सांजवात

१० जुलै २०१८ ला गेल्या. विमानतळावर हात पसरून हसतानाचा त्यांचा फोटो आहे, तो पाहून मी त्या दिवशी रडले होते.

पण त्यांचा धाकटा भाऊ लिऊ हुई मागे बीजिंगमध्येच राहिला. त्याला २०१३ मध्ये एका जमीनव्यवहारातल्या फसवणुकीच्या आरोपावरून ११ वर्षांची शिक्षा सुनावली होती, पुढे आजारपणामुळे बाहेर ठेवलं होतं. हा सूड आहे असं घरच्यांचं म्हणणं होतं. बहीण परदेशात काय बोलते यावर तो परत आत जाणार की नाही हे ठरणार, असं सगळे समजून होते.

लिऊ शिया बर्लिनला उतरल्यावर तीनच दिवसांनी नवऱ्याचं पहिलं वर्षश्राद्ध होतं. तिथल्या एका चर्चमध्ये मित्रांनी स्मरणसभा ठेवली होती, लोक जमले, कविता वाचल्या गेल्या. त्या त्याच शहरात होत्या. गेल्या नाहीत.