सेन्सेशन, पर्सेप्शन आणि मध्येच अडकलेलं 'संवेदन'

लेखणी: मानसशास्त्रावरच्या एका लेखाचा अनुवाद करतेय. लेखाचा गाभा असा: पर्सेप्शन म्हणजे इंद्रियांना झालेली नुसती उत्तेजना (ते सेन्सेशन) नव्हे. समोरचं जग असं असं आहे, हे त्यात आपल्यापुढे मांडलं जातं. म्हणून ते चुकूही शकतं. मी सेन्सेशनला 'संवेदन' आणि पर्सेप्शनला 'अवबोध' लिहिलं. तपासणाऱ्यांनी 'संवेदन' खोडून 'वेदन' केलं आणि 'अवबोध'च्या जागी 'संवेदन' बसवलं! दोन्ही जोड्या प्रचारात आहेत. मग वाचकानं काय समजायचं?

धातुरूप: तपासणाऱ्यांचं बरोबर आहे. विद् म्हणजे जाणणं. 'सम्' लागला की सुटं वेदन एकत्र येऊन त्याला अर्थ मिळतो. इतकी नेटकी जोडी असताना अवबोध कशाला?

पारिजात: नेटकी कागदावर. 'वेदन' वाचलं की मराठी माणसाला दुखणंच आठवणार. आणि 'बोटांतली संवेदना गेली' म्हणतो तेव्हा आपल्याला सेन्सेशनच अभिप्रेत असतं. रूढ अर्थ उलटा फिरवायचा हक्क परिभाषेला नाही.

अन्वय: 'प्रत्यक्ष' हा तयार शब्द का टाकायचा? न्यायदर्शनात निर्विकल्पक आणि सविकल्पक असे त्याचे दोन प्रकारही आहेत. 'काहीतरी आहे' इथपासून 'ही गाय आहे' इथपर्यंत.

लेखणी: विचार केला होता, पण न्यायसूत्रातल्या व्याख्येत 'अव्यभिचारि' ही अट आहे. चुकलं तर ते प्रत्यक्षच नाही. माझ्या लेखात तर म्युलर-लायरच्या 1889च्या रेषा आहेत: लांबी सारखी, पण टोकांच्या बाणांमुळे एक लांब दिसते. हे चुकलेलं पर्सेप्शन आहे, आणि त्यालाही नाव हवंय.

अन्वय: मान्य. शिवाय बौद्ध तर्कशास्त्रज्ञ दिङ्नागांचं प्रत्यक्ष 'कल्पनापोढ', म्हणजे 'हे अमुक आहे' अशी कोणतीही कल्पना न मिसळलेलं. तुम्हाला हवं त्याच्या जवळजवळ उलट.

पारिजात: मग त्याच रेषांवर 'अवबोध'ही अडतो की! पट्टीनं मोजल्यावर रेषा सारख्या आहेत हा बोध मला पक्का झालेला असतो, तरी एक लांबच दिसत राहते. बोध बरोबर, दिसणं चूक. आणि नेकरचा 1832चा घन घ्या, नुसत्या कडांच्या रेषांनी काढलेला. रेषा त्याच, डोळ्यात पडणारं चित्र तेच, तरी घन कधी वरून पाहिल्यासारखा दिसतो, कधी खालून. बदललं काय? दिसणं. मराठीनं हे क्रियापदात केव्हाच सांगितलंय, नाम घडवायचा हट्ट का?

धातुरूप: 'दिसणं' डोळ्यांपुरतं झालं. बाकीच्या इंद्रियांचं काय?

पारिजात: 'लागणं'! गोड लागतं, हाताला खडबडीत लागतं. वस्तू कशी आहे ते त्यात आलंच.

धातुरूप: शास्त्रीय लेखात 'लागणं'? परिभाषेला काही शिस्त हवी.

अन्वय: कानाला 'लागणं' चालत नाही, तिथे 'ऐकू येणं'. हल्ली सर्रास 'ऐकायला येतं' म्हणतात, ते मात्र मला अजिबात पटत नाही.

पारिजात: का नाही? आमच्या घरी सगळे तसंच म्हणतात.

लेखणी: अहो, पण अनुवादात लिहू काय?

धातुरूप: 'ऐकायला येतं' चूकच आहे. 'बघायला येतं' म्हणता का कधी?