गोलकीपरच्या हाती देशाचा संघ द्यावा का? (निमित्त: डिनो झोफ)

पेठेतला_गोली
परवा इथे एकाने ठोकून दिलं, "गोलकीपर जात्याच घाबरट. त्याला कोच केलं की संघ मागे बसणार. पुरावा म्हणजे झोफ आणि २००० चा युरो. वर चार शब्द ऐकवले तर रुसून घरी." खाली अंगठ्यांचा पाऊस. डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय. झोफ म्हणजे इटलीचा जुना गोलकीपर आणि २००० च्या युरोत त्यांचा कोच; फायनल हरल्यावर टीका झाली आणि त्याने राजीनामा दिला.

ऐन स्पर्धेच्या तोंडावर इटलीचा गोली बुफोनचा हात मोडला. झोफने टोल्डोला उभा केला. गटातल्या तिन्ही मॅच जिंकल्या, मग रोमेनियाला २-० ने घरी धाडलं. सेमीफायनल ॲम्स्टरडॅमला, यजमान हॉलंडविरुद्ध. ३४व्या मिनिटाला झाम्ब्रोटा लाल कार्ड घेऊन बाहेर. उरलेल्या दहा जणांनी एक्स्ट्रा टाइमसकट मॅच ०-० रोखली आणि शूटआउटमध्ये काढली. रॉटरडॅमच्या फायनलला फ्रान्सविरुद्ध डेलव्हेकियोच्या गोलने १-० पुढे. इंज्युरी टाइम चालू, बेंचवरची पोरं एकमेकांच्या हातात हात अडकवून टचलाइनवर, शिट्टी झाली की आत धावायला तयार. तेवढ्यात फ्रान्सच्या विल्टोर्डने बरोबरी केली. मग १०३व्या मिनिटाला ट्रेझेगेचा गोल्डन गोल (एक्स्ट्रा टाइममध्ये पहिला गोल झाला की मॅच तिथेच खलास). एवढ्यावरून माणूस घाबरट?

डावखुरा_विंगर
ते मीच लिहिलं होतं आणि अजून म्हणतो. सेमीफायनलचं कौतुक पुरे. डच लोकांनी चालू मॅचमध्ये दोन पेनल्टी घालवल्या: एक टोल्डोने अडवली, क्लायव्हर्टची पोस्टला लागली. ते डावपेच नव्हेत, नशीब. फायनलमध्ये फ्रान्सचा कोच लमेरने विल्टोर्ड, ट्रेझेगे, पिरेस आत सोडले. पहिला गोल विल्टोर्डचा, दुसऱ्याला पास पिरेसचा, मारला ट्रेझेगेने. तिन्ही बदली! याला कोच म्हणतात.

पेठेतला_गोली
आणि झोफने फॉरवर्ड देल पिएरोला कधी आणला? इटलीचा गोल व्हायच्या आधी, स्कोअर ०-० असताना. मागे बसायचं असतं तर आणखी एक बॅक आणला असता. देल पिएरोने दोन सोपे चान्स घालवले. ते पण झोफने बाहेरून मारायचे होते का?

मुंबईकर_काका
दोघेही मूळ मुद्दा सोडताय. बर्लुस्कोनी, तेव्हाचे इटलीतले विरोधी पक्षनेते, काय म्हणाले होते? फ्रान्सच्या झिदानला मोकळा का सोडला, त्याच्यामागे माणूस का लावला नाही, हे नवशिक्यालाही कळलं असतं. शैली वाईट असेल, पण मुद्दा बरोबर होता.

रंकाळा_राइट_बॅक
काका, हे मॅन-मार्किंगचं खूळ कोणाच्या डोक्यातनं जाणार हाय? आमच्या गल्लीच्या टीमला एकदा असंच सांगितलं, त्यांचा दहा नंबर जिथं जाईल तिथं जायचं. काम माझ्याकडं. ते बेनं शहाणं, जाऊन कॉर्नर फ्लॅगपाशी उभं राहिलं. मी बी तिथंच. मधनं ही एवढी वाट मोकळी! दोन गोल बसले आणि दहा नंबरनं बॉलला पाय बी लावला न्हवता.

मुंबईकर_काका
शाहू स्टेडियमवरचे किस्से रॉटरडॅमला लावू नका हो. इटलीच्या जेंटिलेने १९८२ च्या वर्ल्डकपमध्ये मॅराडोना आणि झिको दोघांना जखडून ठेवलं. तोच इटली, आणि गोलमध्ये खुद्द झोफ. त्याला हे माहीत नव्हतं?

रंकाळा_राइट_बॅक
जखडून? झिकोचा शर्ट टराटरा फाडला होता! आज तसं केलं तर वीस मिनिटांत बाहेर. आणि फ्रान्सचे दोन्ही गोल परत बघा. पहिला त्यांचा गोली बार्थेझच्या लांब फ्री-किकवरनं, दुसरा पिरेस डावीकडनं घुसला तवा. झिदान कुठंय त्यात? नसलेल्या माणसाला मार्क करायचं व्हय?

मुंबईकर_काका
नव्वद मिनिटं डोक्यात झिदानची धास्ती असली की बाकीचे मोकळे सुटतात. फुटबॉल फक्त गोलांच्या क्लिपा बघून कळत नाही, बाळा.

रंकाळा_राइट_बॅक
बाळा कुणाला म्हणताय? मी खेळलोय, टीव्हीसमोर चहा पीत न्हाई बसलो.

डावखुरा_विंगर
मार्किंग राहू द्या. माझा आक्षेप राजीनाम्याला आहे. फायनल २ जुलैला, राजीनामा ४ तारखेला. विरोधी पक्षातला एक पुढारी बोलला म्हणून देशाचा संघ सोडायचा? २०१८ ला स्पेनचा कोच लोपेतेगी, तोही गोलकीपरच. वर्ल्डकप सुरू व्हायच्या आदल्या दिवशी स्पेनने काढला, कारण साहेबांनी रेयाल माद्रिदशी आधीच ठरवलं होतं. गोलकीपर लोकांना संघापेक्षा स्वतःचं जास्त.

कोकण_कॉर्नर
झोफ आणि लोपेतेगी एका दावणीला? एकाने मान राखायला खुर्ची सोडली, दुसऱ्याने मोठ्या खुर्चीपायी हातातली घालवली. आणि तो "एक पुढारी" मिलान क्लबचा मालक होता, हे सोयीस्कर विसरलात. आमच्याकडे एका स्पर्धेत बक्षीस द्यायला आलेल्या पाहुण्यांनी हरलेल्या कोचला माइकवरून खेळ शिकवला होता. ट्रॉफी देताना नाव वाचलं ते दुसऱ्याच संघाचं. मास्तर उठून चालते झाले. कुणीही त्यांना रुसका म्हटलं नाही.

पेठेतला_गोली
झोफची सवयच ती, काम करायचं, बोलायचं नाही. १९९० ला कोच म्हणून युव्हेंटस क्लबला कोपा इटालिया (इटलीचा कप) आणि यूएफा कप दोन्ही जिंकून दिले, तरी क्लबने त्याच्या जागी माइफ्रेदीला आणायचं ठरवलं. झोफ गुपचूप बाजूला. पुढच्या वर्षी युव्हेंटस सातव्या नंबरवर! १९७८ च्या वर्ल्डकपला डच आणि ब्राझीलचे लांबून गोल बसले तेव्हा पेपरवाल्यांनी त्याचे डोळे गेले म्हणून लिहिलं. चार वर्षांनी, चाळिशीत, ब्राझीलविरुद्ध ३-२ असताना शेवटच्या क्षणी ऑस्करचा हेडर गोललाइनवर असा दाबून धरला की बॉल हलला नाही. ब्राझीलवाले गोल गोल ओरडत होते, हा बोटाने नाही म्हणत होता. घाबरट, नाही का?

डावखुरा_विंगर
हेडर ग्रेट होता, मान्य. खेळाडू म्हणून झोफला सात खून माफ. कोच म्हणून माफी नाही. आणि घाबरट शब्द मागे घेतो, नाहीतर सगळे गोली ग्लोव्ह्ज घालून घरी यायचे. "सावध" लिहितो. खूश?

पेठेतला_गोली
उपकार झाले.

मुंबईकर_काका
मार्किंगवर माझं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.

रंकाळा_राइट_बॅक
काका, रविवारी ग्राउंडवर या. दहा नंबर तुम्ही घ्या, मी तुम्हाला मार्क करतो. मग बोलू.