वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्यांची नोंद इतिहासात कुठे आहे?

प्रश्न:
वृद्धसेवेचा इतिहास वाचताना धर्मादाय संस्था, कायदे आणि डॉक्टर यांची माहिती मिळते. परंतु भरवणाऱ्या, अंग पुसणाऱ्या, रात्री उशाशी बसणाऱ्या माणसांविषयी फारच थोडे हाती लागते. या सेवेला पगारी, प्रशिक्षित कामाचा दर्जा केव्हा मिळू लागला, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १:
इंग्लंडमध्ये गरिबांच्या मदतीविषयीच्या १८३४ च्या कायद्यानंतर अनेक निराधार वृद्धांना वर्कहाऊसमध्ये, म्हणजे कामाच्या बदल्यात निराधारांना ठेवून घेणाऱ्या सार्वजनिक आश्रयगृहात, आसरा घ्यावा लागे आणि तेथे आजाऱ्यांची शुश्रूषा बहुधा तिथलेच इतर निराधार, कसलेही शिक्षण नसताना, करीत. १८६५ मध्ये अ‍ॅग्नेस जोन्स प्रशिक्षित परिचारिकांसह लिव्हरपूलच्या वर्कहाऊसमध्ये रुजू झाल्या; तेथेच १८६८ मध्ये टायफस या संसर्गजन्य तापाने त्यांचे निधन झाले. तरीही निराधारांकडून शुश्रूषा करून घेण्यास मनाई होण्यासाठी १८९७ साल उजाडावे लागले. इतका उशीर मला अक्षम्य वाटतो.

प्रतिसाद २:
वरील माहितीला जोडून सांगतो. १९३५ मध्ये लंडनच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयात डॉ. मार्जरी वॉरन यांच्याकडे जुनाट आजारांचे शेकडो रुग्ण सोपवले गेले. त्यांतले अनेक जण केवळ आजारामुळे नव्हे, तर कोणी उठवून बसवत नसल्यामुळे अंथरुणाला खिळले होते, हे त्यांनी ओळखले. या शोधाचे श्रेय डॉक्टरांचेच आहे. मात्र आखडलेले गुडघे हळूहळू मोकळे करणे, खुर्चीत बसवणे, चार पावले चालवणे हे रोजचे काम ज्यांनी केले, त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. पुढे १९६२ मध्ये डोरीन नॉर्टन या परिचारिकेने सहकाऱ्यांसह केलेल्या अभ्यासातून दिसले की माकडहाडावर आणि टाचांवर होणारे शय्याव्रण (सतत पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा) टाळण्यासाठी नाना प्रकारची मलमे चोळण्यापेक्षा वेळच्या वेळी कूस बदलून देणे अधिक गुणकारी ठरते. ज्या कामाला अडाणी कष्ट समजले जात होते, तेच खरे उपचार होते.

प्रतिसाद ३:
घरी जाऊन सेवा करणाऱ्यांची कथा वेगळी आहे. अमेरिकेत १९७४ मध्ये घरकामगारांना किमान वेतनाचे संरक्षण मिळाले, पण वृद्धांना सोबत करणाऱ्यांना त्यातून वगळले गेले. प्रत्यक्षात त्यांतल्या अनेकजणी दिवसभर उचलणे, अंघोळ घालणे, औषधे वेळेवर देणे हेच करीत होत्या. संस्थांमार्फत काम करणाऱ्यांसाठी हा अपवाद काढून टाकणारा नियम २०१३ मध्ये झाला आणि तो २०१५ मध्ये लागू झाला.