क्लास बदलला की दर वेळी टॉमकॅट बंद-चालू करायचा का?

मांजराकाठ, लातूर
आम्ही पाच जण जावा या प्रोग्रॅमिंग भाषेवर आहोत. आमचं वेब ॲप टॉमकॅट या सर्व्हरवर चालतं; क्लास म्हणजे त्या कोडचा एक तुकडा. एक ओळ बदलली की टॉमकॅट बंद, चालू, परत लॉगिन. माझं म्हणणं, कॉन्टेक्स्टमध्ये (टॉमकॅटमधल्या ॲपच्या सेटिंगमध्ये) रिलोडेबल ट्रू करा, म्हणजे बदललेला कोड तो आपोआप उचलेल. सीनियर म्हणतात, त्याचा भरवसा नाही. मी लावून पाहिलं तर खरंच काही बदललं नाही. तरी मला पटत नाही.

गोदाकाठ, नांदेड
सीनियरचं ऐका. टॉमकॅट तो एकच क्लास बदलत नाही, अख्ख्या ॲपचा क्लासलोडर (क्लास मेमरीत आणणारा भाग) टाकून नवा करतो. जुन्याला एखाद्या थ्रेडनं (मागं चालू राहिलेल्या कामानं) किंवा थ्रेडलोकलनं (थ्रेडजवळ ठेवलेल्या माहितीनं) धरून ठेवलं की तो मेमरीतून हलत नाही. मेटास्पेसला (क्लास ठेवायच्या मेमरीला) मर्यादा घातली असेल तर आउट ऑफ मेमरी, नसेल तर रॅम खात बसतो. आमच्याकडं चार जीबीच्या मशिनी होत्या, दुपारपर्यंत जाम व्हायच्या. रिस्टार्टला मिनिट जातं, पण डोकं शांत राहतं.

दुधनाकाठचा, परभणी
दादा, ही मेमरीची गळती तुमच्या कोडमधली आहे. रिस्टार्टनं ती झाकली जाते, जात नाही. ॲप थांबताना कोणता थ्रेड बंद केला नाही ते टॉमकॅट लॉगमध्ये नावासकट सांगतो. ती ओळ वाचा आणि लिसनरच्या कॉन्टेक्स्टडिस्ट्रॉइडमध्ये (ॲप थांबताना चालणाऱ्या कोडमध्ये) तो थ्रेड थांबवा.

लातूरकर, तुमचं रिलोड का होत नाही ते आधी बघा. टॉमकॅट ॲपच्या वेब-इन्फ फोल्डरमधल्या क्लासेस आणि लिब या दोनच फोल्डरवर नजर ठेवतो. मेव्हन (कोड बिल्ड करायचं साधन) क्लास टाकतो त्याच्या टार्गेट फोल्डरमध्ये. तिथून पुढं कॉपी झाली नाही तर सर्व्हरला कळणार कसं? माझे यात दोन दिवस गेले, मी कोडच तपासत बसलो होतो. टॉमकॅटच्या स्वतःच्या लिबमध्ये जार (क्लासचा गठ्ठा असलेली फाइल) ठेवली असेल तर तिला रिस्टार्टच लागतो. आणि तपासणी दर 10 सेकंदांनी होते. सेव्ह केल्या केल्या रिफ्रेश मारून 'होत नाही' म्हणू नका.

मांजराकाठ, लातूर
टार्गेटच होतं! कॉपी लावली, लॉगमध्ये रिलोडची ओळ आली. पण लॉगिन उडालं.

दुधनाकाठचा, परभणी
सेशनमध्ये (लॉगिनची माहिती राहते तिथं) ठेवलेला ऑब्जेक्ट सिरियलायझेबल, म्हणजे फाइलमध्ये लिहिता येईल असा करा. 10.1 च्या आधीचा टॉमकॅट रिलोडच्या वेळी सेशन आपोआप फाइलमध्ये ठेवून परत उचलतो; 10.1 पासून ते सेटिंगमध्ये चालू करावं लागतं.

गोदाकाठ, नांदेड
डेव्हलपमेंटपुरतं मान्य. लाइव्ह सर्व्हरवर मात्र नको, टॉमकॅटची कागदपत्रंही तेच सांगतात. अर्धवट कॉपी झालेले क्लास त्यानं मध्येच उचलले तर गिऱ्हाइकाचा फोन मलाच येतो.